प्रमाणित प्रत

अर्जावर वीस रुपयांचा स्टॅम्प,
भाषा मराठी, अक्षर गुजराती शाळेतलं –
डोक्यावरची रेघ घरी विसरून आलेलं.
अर्जदार: पुंडलिक रघुनाथ खानविलकर.
धंदा: सेवउसळीची गाडी, खारीवाव रोड. (सध्या बंद.)
मागितलेली माहिती:
'मी, किंवा माझे वडील, किंवा त्यांचे,
ज्या कराराने आमच्यावर राज्य करायला हो म्हणालो
त्याची प्रमाणित प्रत.
सह्यांसकट. साक्षीदारांसकट.'

साहेब हसले, कागद माझ्याकडे सरकवला:
'तुमच्या मोडीत असेल कुठे. बघा. तीस दिवस आहेत.'

मी कोठीतली मोडीवाचक, रोजंदारीवरची.
रुमाल सोडते, झटकते, वाचते, बांधते.
कुणी कुणाला काय लिहून दिलं ते मला ठाऊक:
विहिरीतली चौथाई, हत्तीच्या चाऱ्याचा हिशेब,
एका न्हाव्याने गहाण टाकलेली पेटी, आत वस्तरे तीन.
लिहून देणार अमुक, लिहून घेणार तमुक.
पण 'आम्हांवर राज्य करा' असं
लिहून देणारा कुणी भेटेना.
सनदेच्या मागे सनद निघाली.
प्रत्येकीत 'मागील चालीप्रमाणे',
आणि मागील चाल बोट दाखवी
तिच्याही मागच्या चालीकडे.
शेवटी कसर लागलेला एक कोरा बंद,
त्यापलीकडे भिंत,
भिंतीवर पाल.

बाविसाव्या दिवशी तो स्वतःच आला.
हातात छत्री, बोटांना अजून हळदीचा पिवळेपणा.
'गाडी नेली त्याचं काही नाही, ताई.
रस्ता रुंद व्हावा, मलाही वाटतं.
पण दबाणवाल्यांनी पातेलं ओतलं.
गरम. भर रस्त्यात.
ते मी कधी दिलं होतं?
काय काय देऊन बसलोय ते बघायचंय,
आणि काय दिलेलंच नाही,
ते तर आधी.'

मी काहीतरी बोलायचं म्हणून त्याला एक पान दाखवलं.
म्हटलं, मोडीत रेघ आधी मारतात, कागदभर,
आणि मग तिच्याखाली अक्षरं टांगतात.
रेघेच्या वर काही जायचं नाही.
तो बराच वेळ बघत राहिला.
'रेघ कोण मारतं?'
लिहिणाराच.
'मग संपलंच की.'

पंखा फिरत होता. तो उठला नाही.
'पुराच्या साली विश्वामित्री घरात शिरली,
तीन दिवस सरकार नावाचं काही दिसलं नाही.
त्याच पातेल्यातून मी गच्चीवर उसळ वाढली.
लोक म्हणतात, दंडुका नसला
की माणूस माणसाला खातो.
रांग लागली, ताई. आपोआप.
म्हातारे पुढे, मग पोरं.
मगरी सोडल्या
तर कुणी कुणाला खाल्लं नाही.'
मग जरा थांबून, खाली बघत:
'एकाने दोनदा घेतली. तो मीच.'

तिसाव्या दिवशी छापील उत्तर तयार झालं:
'मागितलेला अभिलेख या कार्यालयात उपलब्ध नाही.'
मी म्हटलं, साहेब, उपलब्ध नाही
की झालाच नाही?
साहेबांनी टोपण उघडलं, सही केली, टोपण लावलं.

तो घ्यायला आला.
उत्तर वाचलं नाही, चार घड्या घातल्या,
वरच्या खिशात ठेवलं, पावती ठेवावी तसं.
पोचवहीत नाव लिहिलं,
तसंच, बोडकं, रेघेवाचून.
जायला वळला. परत आला.
माझी पट्टी मागून घेतली
आणि सगळ्या अक्षरांवरून एकच रेघ ओढली,
सावकाश, जीभ दातांत धरून.
ती नावापाशी थांबली नाही,
शेजारच्या रकान्यात गेली,
साहेबांच्या,
चांगली बोटभर.