सोडलेलं पाणी

कारंडेवस्तीवर पहिल्यांदा गेले
तेव्हा पिशवीत सहा काचेच्या नळ्या होत्या,
एक बाटली थेंबांची, एक रंगांची पट्टी,
आणि जतच्या कचेरीचा शिक्का मारलेला कागद.

लगमव्वा म्हणाली, आदी मेंढरं पाजतो आमी.
मेंढरानं तोंड लावलं तर पाणी बरं,
फुरफुरलं की पुढची हीर.
सासऱ्याच्या सासऱ्यापासनं हीच तपासणी.

तिच्या बोअरचं पाणी नळीत घेतलं,
मोजून थेंब टाकले.
जरा वेळ ते गुलाबी राहिलं,
मग कडेकडेनं पिवळं होत गेलं,
हळद दळणाऱ्याच्या बोटांसारखं.

याला वास नाही, मी म्हणाले. चव नाही.
मेंढराला कळायचं नाही.
दाताला कळतं. नंतर गुडघ्याला.

मांडीवरची तान्ही खाली ठेवून
तिनं मायाप्पाला हाक मारली.
अकरा वर्षांचा. शाळेच्या फोटोत
ओठ घट्ट मिटून उभा.
दाव तोंड, ती म्हणाली.
त्यानं दाखवलं नाही.
खालमानेनं कोकरामागं निघून गेला.

दीड वर्ष कागद फिरला.
एकदा सही राहिली, एकदा सहीवाल्याची बदली झाली.
मग टेम्पोतून यंत्र आलं,
पत्र्याची खोली, पाच रुपयाला वीस लिटर.
नारळ फुटला. पेढे वाटले.
सगळी वस्ती पुढच्या नळाकडं बघत होती.
लगमव्वा खोलीच्या मागं गेली.

मागं एक काळा पाइप
ओघळीत पाणी सोडत होता,
पुढच्यापेक्षा जास्त.

हे कुणाचं?
वाया जातं ते, सिद्राम ऑपरेटर म्हणाला,
सगळं वाईट त्यातच उतरतं. पिऊ नको.
पीत न्हाई. कुणाचं, ते इचारलं मी.

सिद्रामला उत्तर नव्हतं. मलाही नव्हतं.
कुठल्याच कागदावर त्या पाण्याचा रकाना नव्हता.

त्या साली कातरणीला मेंढरामागं वीस रुपये जात होते
आणि लोकरीला किलोला दहा येत होते.
पोती बांधावर कुजत होती.
व्यापारी म्हणायचा, धुऊन आणा, मग भाव बोलू.
धुऊन!
जिथं घागरीसाठी पहाटे तीनला नंबर,
तिथं लोकर धुवायची म्हणजे
लोकांच्या शिव्या खायच्या.

आठ दिवसांत पाइपाच्या तोंडाशी दगडी हौद झाला.
पाच बाया, गुडघ्याएवढ्या फेसात,
काळी लोकर, पांढरी लोकर,
माती, लेंड्या, गोखरू
सगळं सुटून वर येत होतं.
हौदाभोवती तिनं बाभळीचे फास रचले.
मेंढराला कळत न्हाई, तूच म्हनालीस.

सूत चरख्यावर चढलं.
निंगाप्पा सनगराचा खड्डामाग
चार वर्षं उताणा पडला होता,
त्यात कोंबडी अंडी घालायची.
कोंबडीला दुसरी जागा बघावी लागली.
चिंचोक्याच्या खळीचा वास
वस्तीवर परत आला. मला तो आवडत नाही,
लगमव्वा मात्र खोल श्वास घेते.

पुरुष माणसं अजून कळप घेऊन
कृष्णाकाठाला उतरतातच, दिवाळी झाली की.
तिथल्या कालव्यावर कसली नळी, कसला थेंब.
ते माझ्याकडून झालेलं नाही.

यंत्राची जाळी बदलायची वेळ आली
तेव्हा ग्रामपंचायतीत पैसे नव्हते.
दोन घोंगडी विकून बायांनी जाळी आणली.
पावती लगमव्वानं पोलक्यात ठेवली,
सरपंचांनी मागितली, दिली नाही.

परवा गेले होते.
मायाप्पा आता स्वतः नळी धरतो,
थेंब मोजताना ओठ हलतात,
हसतो मात्र अजून हात लावून.
ते डाग जायचे नाहीत. मी त्याला खोटं बोलले नाही.

मांडीवरची तान्ही, तिचे दुधाचे दात पडलेत.
लगमव्वानं तिला गुडघ्यात धरलं,
मेंढीचं वय बघावं तसा
अंगठ्यानं वरचा ओठ उचलला.
नवा दात, अर्धा वर आलेला,
एका कडेला जरासा धुरकट,
बाकी पांढरा.

लिव्ह, ती म्हणाली,
कडंचं पन लिव्ह.