मुळाशी पाणी साचू देऊ नये

घरामागचा उतार दर वर्षी थोडा थोडा
मयेकरांच्या विहिरीकडे निघून जायचा.
लाल माती, चिऱ्याचा चुरा,
गवत उगवायचं ते दिवाळीपुरतं,
मग भुरं, मग नुसता उतार.

निवृत्त झाले त्या वर्षी मी आणली
पाचगणीच्या नर्सरीतून अकरा रोपं,
एसटीत पायांशी धरून, काळ्या पिशव्यांत.
चिठ्ठीवर लिहिलं होतं: रांगता जुनिपर.
बारमाही हिरवा. उतारासाठी उत्तम. ऊन हवं.
आणि खाली, बारीक अक्षरात:
मुळाशी पाणी साचू देऊ नये.

निवतीत हे मोठ्याने वाचून दाखवलं
तेव्हा बावतीस हसला, कुदळीला टेकून.
‘बाये, ह्यां आभाळाक सांग.’

तरी खणले त्याने अकरा खड्डे.
मी वाळू मिसळली, खडी घातली,
हात हात अंतर सोडलं,
पहिलीच्या मुलांना ओळीत बसवताना सोडायचे तसं.
मधली जागा पसरायला असते, भांडायला नाही,
हे मी तीस वर्षं सांगत आले
आणि कुणी ऐकलं नाही.

रांगणाऱ्याला वाढवायचं तर आपल्यालाच बसावं लागतं.
ह्या गावात सगळे मान वर करून झाडं बघतात:
माडाला किती धरले, सुपारी कितपत भरली.
मी गुडघे वाजवत खाली,
खवल्याखवल्यांची ती निळसर बोटं
मातीवर किती सरकली ते वितीने मोजत.

श्रावणात एक तपकिरी पडलं,
बुंध्याकडून, आतून.
मग चार. मग ओळच.
उपटलं की मूळ हातात यायचं
भिजल्या वातीसारखं.
बावतीस काही बोलला नाही.
बोलला असता तर बरं झालं असतं.

भातं कापून झाली तेव्हा उरलं होतं एक.
टाकी खणताना निघालेल्या डबराच्या ढिगावर,
जिथे ते मी जागा संपली म्हणून खोचलं होतं.
तिथे पाणी यायचं आणि थांबायचं नाही.

आणि उतारावर, रिकाम्या खड्ड्यांवरून,
कुंपणाच्या तारेखालून, किनाऱ्याच्या बाजूने
कुणी न बोलावता वर आली मर्यादवेल.
आपट्यासारखं दुभंगलेलं पान, जांभळा पेला,
पेराला पेराला मूळ सोडत.
मी ती दोनदा कापली.
हिच्यासाठी कुणी पाचगणीला जातं का?

‘दर्याक थांबयता ती,’ बावतीस म्हणाला,
‘तुजो उतार काय मोठो?’

तिसऱ्यांदा कोयता घेऊन बसले
आणि बसल्यावर तो बाजूला ठेवला.
तिची टोकं आडवी वळवली,
माडाच्या हिराने जागोजाग टाचली,
वही तपासावी तशी, ओळ सोडून गेलेल्याला परत ओळीत आणत.
ती दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडून जायची.

यंदा माती मयेकरांकडे गेली नाही.
वेल गेली.
भांडण तेच आहे.

ढिगावरचं ते एकटं दीड हात झालंय.
कधी त्याचा एक खवला बोटांत चुरडते:
शार्पनरमधून निघालेल्या सालींचा वास,
जूनमधल्या वर्गाचा, चाळीस नव्या पेन्सिलींचा,
त्यातल्या दहा मधल्या सुट्टीपर्यंत हरवणाऱ्या.
तेवढ्यासाठी ठेवलंय.
माती काही धरत नाही ते फारशी.