एकतिसाव्या आठवड्यातली दाढ

पुंता अरेनासला वारा पिसाळला की
नगरपालिका चौकाचौकात दोर बांधते,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
तो दोर धरत धरत ती आली,
रात्री पावणेदोनला.
दार तिनं उघडलं की वाऱ्यानं, सांगता येणार नाही.

रांगेत कुणीच नव्हतं.
तरी तिनं यंत्रातून नंबराची चिठ्ठी ओढली, चौऱ्याऐंशी,
आणि मी हाक मारेपर्यंत उभी राहिली.
मारिबेल नावेलकिन. कारखान्यात खेकड्यांची कवचं सोलते.
बोटांना अजून समुद्राचा वास,
डावा गाल टम्म,
अंगात नवऱ्याचं जाकीट, त्याची चेन
पोटापाशी येऊन अडलेली.

"आयबुप्रोफेन द्या. सहाशेची. नेहमीची."

किती आठवडे?

"एकतीस."

फळीकडे गेलेला हात मी मागे घेतला.
बावीस वर्षं या फळ्यांपुढे उभी आहे,
कितीतरी कंबरा, गुडघे, पाळीतली पोटं
याच खोक्यानं गप्प केलेली पाहिलीत.
पण हीच गोळी विसाव्या आठवड्यानंतर
बाळाभोवतीचं पाणी आटवू शकते,
आणि आणखी पुढे, त्याच्या काळजाजवळची
एक चिमुकली वाट वेळेआधी मिटवू शकते,
जी पहिल्या रडण्यापर्यंत उघडी लागते.

हे मी एवढं बोलले नाही.
इतकंच म्हटलं, ही आता नको.

तिनं गाल दाबला. मग अगदी खालच्या आवाजात:
"काल दोन घेतल्या. आज पहाटे एक."

फ्रीजची घरघर.
अशा वेळी जिभेवर दोन वाक्यं येतात.
एक: काही होत नाही गं.
दुसरं: घेण्याआधी कुणाला विचारलंस का?
दोन्ही गिळली.
पहिल्याची मला खात्री नव्हती,
दुसऱ्याचा तिला उपयोग नव्हता.

म्हटलं, तीन गोळ्यांनी बहुधा काही बिघडलेलं नसेल.
पण सकाळी सुईणबाईंना सांग, लपवू नकोस.
त्या पाणी बघतील, ठोके ऐकतील.
हलतंय ना?

"आत्तासुद्धा. लाथा थेट दाढेत बसतात."

थर्मामीटर लावला. ताप नव्हता.
असता, तर टॅक्सी बोलावून तशीच इस्पितळात धाडली असती.

"सासू म्हणते, आई व्हायचं तर कळ सोसायची."

तिचे दात किती उरलेत? मी विचारलं.

"खालचे चार."
आणि हसताना तिला अशी कळ आली
की काउंटर धरावा लागला.

पॅरासिटामॉलचं पाकीट पुढे केलं. पाचशेची.

"ही पूर्ण सुरक्षित ना?"

पूर्ण हा शब्द माझ्या एकाही फळीवर नाही, मारिबेल.
आजवर जेवढं कळलंय, त्यात हीच त्यातल्या त्यात बरी.
लागेल तेवढीच, लागतील तेवढेच दिवस,
दोन गोळ्यांमध्ये सहा तास जाऊ दे.
सर्दीची पुडी सोबत नको, तिच्या पोटातही हीच असते.
आणि उद्या दंतवैद्य.
गरोदर बाईची दाढ काढता येते.
नाही म्हणाला, तर मला फोन करायला सांग.

चिठ्ठीच्या पाठीवर तिनं वेळ लिहिली, दोन वाजून पाच,
खाली आठ वाजून पाच,
आणि त्याखाली एक रेघ, रिकामी.
पाण्याचा पेला इथेच मागून घेतला.

काचेतून पाहत राहिले.
हात दोन, आणि धरायच्या जागा तीन:
दोर, गाल, पोट.
दिव्याच्या खांबापर्यंत ती गाल धरून गेली.
तिथे चौक उघडा पडतो, समुद्रावरून सरळ झोत येतो.
कुठला हात तिनं कुठून काढून कुठे नेला,
ते मला दिसलं नाही.

आत येऊन पुढचा नंबर लावला. पंच्याऐंशी.
रांगेत कुणीच नव्हतं.