वरची कडी

नेलिदा ओर्सेली आकड्याने कुलूप उघडते
आणि मी अंधारात पुटपुटतो, असं नाही उघडत, बाई.
चाळीस वर्षं मोन्तेव्हिडिओत किल्ल्या घासतोय,
मला विचारायचंस.

पण ती उघडतेच.
आत मेलेला नोटरी, नाहीतर जुळी बहीण.
एकदा तर नुसतंच ताट, वाफाळतं,
आणि घरात कुणी नाही.
सुऱ्याला मी एवढा कधी घाबरलो नव्हतो.

आमची देल्मिरा दहाव्या मिनिटाला खुनी सांगते
आणि शेंगा सोलत बसते.
मला खुन्याचं सोयरसुतक नसतं.
मी नेलिदाचा डावा कान बघतो:
जिन्यावर पाऊल वाजायच्या आधी
त्याला कळलेलं असतं.

चार सिनेमांत ती मेली.
पाचव्यात वाचली, पण तोवर केस पिकले होते,
किल्ली भोकाला लागेना.
लोक म्हणाले, काय अभिनय!
मी माझा हात खिशात घातला.

त्याच सिनेमात ती बंदराच्या गल्लीतून धावते,
सात दारं ठोठावते.
आत दिवे आहेत, रेडिओ चालू आहे,
कुणी उघडत नाही.
गल्ली आमचीच. त्यातली तीन कुलपं मी बसवलेली,
चांगली, पक्की.

तेव्हापासून रात्री
वरची कडी मी लावत नाही.
विसरलास का रे, देल्मिरा विचारते.
हो, म्हणतो.