रकाना

अंजनेरीच्या पायथ्याशी, आश्रमशाळेच्या सुट्टीतल्या वर्गात
मे महिन्यात आम्ही एकवीस जण:
सतरा पोरं, तीन मास्तर,
आणि नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेला मी,
चौतीस वर्षं कोऱ्या करकरीत नोटांतली चूक शोधत बसलेला.

नेरकर मॅडमनी तक्ते वाटले:
कपार, वेळ, गिधाडं, शेरा.
कपार चार माझ्या आणि इफ्फतच्या वाट्याला.
इफ्फत वडाळा नाक्याची, आठवीत जाईल जूनमध्ये,
बाटलीला ओला पायमोजा घालून पाणी गार ठेवते
आणि मला आजोबा म्हणत नाही, पार्टनर म्हणते.

कड्यावरून पांढरे ओघळ उतरलेले,
कुणी चुन्याचं डबडं कलंडून विसरावं तसे.
हिरामण बेंडकोळी
(त्याच्या शेळ्यांच्या वाटेला आम्ही वहीत
'सर्वेक्षण मार्ग दोन' असं नाव दिलंय)
डोळे बारीक करून म्हणाला,
ताजं असतं तर चमकलं असतं. हे मळलंय.

सहा. सव्वासहा. साडेसहा.
घारी आल्या, पाकोळ्या आल्या,
वानरांनी आमचा डबा लांबूनच तपासला.
कपार चार गप्प.
साडेआठला दगड पोळायला लागला, तसा मी
रकाना मोकळा ठेवून भडंगाची पुडी सोडली.

संध्याकाळी त्या मोकळ्या जागेवर मॅडमची पेन्सिल टेकली.
काका, इथे काय?
काहीच नव्हतं हो.
मग शून्य लिहा.
मोकळं म्हणजे तुम्ही तिथे नव्हता.
शून्य म्हणजे तुम्ही होतात,
बघत होतात.

उभा जन्म शून्यांतच गेला माझा.
पाचापुढची दोन, एकापुढची तीन,
एखाद्याची शाई फुटलेली दिसली की अख्खा ताव बाजूला,
मग चुरा, मग चुऱ्याचंही वजन.
पण एकटं शून्य, मागेपुढे कुणी नसलेलं,
ते लिहिताना पेन जरा अडखळलंच.
आकडा चुकला तर इथे म्हणे फाडायचं नाही,
एकच रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी,
आणि शेजारी सही.

रात्री वीज गेली. त्र्यंबकच्या अंगाला तेवढे दिवे.
मला चेहेडी आठवली, दारणेच्या काठावर मेलेला बैल,
आणि त्याच्याभोवती मान खाली घालून
पंगतीला बसल्यासारखी ती सगळी.
इफ्फतने विचारलं, किती होती?
खूप, मी म्हटलं.
ती म्हणाली, खूप तक्त्यात चालत नाही.
खरंच आहे. आम्ही दगड मारले होते,
मोजलं कुणीच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सात दहाला
एक सावली आमच्या वहीवरून सरकली.
मी मान वर करेपर्यंत कड्यापलीकडे.
घार असेल, मी म्हणालो.
घारीची एवढी?
खात्री नाही गं.
तिने गिधाडांचा रकाना शून्यच ठेवला
आणि शेऱ्यात लिहिलं:
सावली. मोठी. पार्टनर खाली बघत होता.
मग वही माझ्यापुढे धरली,
शेजारी सही करा म्हणाली.