हत्तीबेट, ध्रुवाच्या बाजूला

नकाशा उघडला तर आमचं हत्तीबेट बर्फात.
दोनशे चौदा ठिपके, उदगीरच्या कॉलेजचे,
उत्तरेकडच्या गोठलेल्या समुद्रात.
कुंदा, मारवेल, पवना, तरवडाची एक फांदी.
सगळ्यांना हुडहुडी भरली असणार.

हेडसर म्हणाले,
बेट म्हटलं की पाणी आलंच, मशीनला काय कळतंय.
हसले मात्र नाहीत.

अक्षांश आणि रेखांश एकमेकांच्या रकान्यात बसले होते,
अठराच्या जागी सत्त्याहत्तर.
कुणी टाकले, ते फाइल सांगत नाही.
मीच असेन.
मार्चमधली दुपार, पंखा बंद,
कपाटातून येणारा डांबरगोळ्यांचा वास.

सतरा ओळींचा माझा प्रोग्राम.
जगाच्या कोठाराच्या दारात उभा राहून नाव पुकारतो,
आणि कोठार तीनशे-तीनशेच्या घमेल्यांनी ओतत राहतं:
कुठल्या देशातलं गवत, कुणी उपटलं, कोणत्या साली.
एकेका गवताला चार-चार लॅटिन नावं,
एक माहेरचं, दोन सासरची,
चौथ्याचा निकाल अजून लागायचाय.
आमच्याकडे तर मराठी, कानडी, तेलुगू, दखनी,
एकाच बांधावर. तो रकाना रिकामाच येतो.

अठरावी ओळ लिहिली.
रकाने उलटे झाले
आणि ठिपके घरी आले, दिवेलागणीच्या शेळ्यांसारखे,
आपापल्या दारात.

एक आला नाही.
कागद क्रमांक एकशे सत्तावन्न.
आकडेच नव्हते त्याला. निळ्या शाईत फक्त:
खरपुडी. काशीबाईच्या विहिरीजवळ. भाद्रपद.
गोळा करणारा: गु. हुडगे, शिपाई.
'शिपाई' कुणीतरी दुसऱ्या पेनाने खोडलेलं.
खाली दाबायला वापरलेल्या वर्तमानपत्रात
सर्कशीची जाहिरात, हत्तीसकट.

हुडगेमामांना फोन लावला.
"काशीबाईची हीर? बुजिवली की ती.
पेट्रोल पंप हाय आता तितं."
मग पंपाच्या कुठल्या अंगाला?
"मागं. टायरवाल्यापासनं दोनशे पावलं.
पर माजी तवाची पावलं बरं का, तहसीनबाई. आताची न्हाईत."

फॉर्म विचारत होता: चूक किती मीटरची असू शकेल?
तिशीतल्या माणसाच्या दोनशे ढांगा
सत्तरीतल्या माणसाच्या आठवणीने भागल्या,
वर थोडी भर घातली.
साठ.

कागदाला डकवलेली छोटी पुडी उघडून पाहिली.
आत एक फूल, कंदिलासारखं, विझून तपकिरी झालेलं.
मामांना सांगितलं.
पलीकडे बराच वेळ फक्त ट्रॅक्टरचा आवाज.
"आजून येती ती तितंच," मामा म्हणाले,
"पंपाच्या मागच्या दगडात. चार-पाच येल.
मी जातो बगायला.
कुनाला सांगू नगा हां.
कंद ग्वाड असतो, लोकं उकरून खातेत."

बोट बटणावर होतं.
बटण दाबलं की साठ मीटर
टोकियोतही साठ मीटर,
आणि पुण्याच्या त्या नर्सरीवाल्याकडेही.

यालाही एक ओळ आहे.
दुर्मीळ झाडाचा ठिपका मुद्दाम दूर फेकायचा,
दहा किलोमीटरच्या आत कुठेही,
आणि शेजारी प्रामाणिकपणे लिहायचं: धूसर केले आहे.

एवढी वणवण करून घरी आणली तिला
आणि हातानेच परत हरवली.

नकाशावर आता ती देवर्जनच्या पलीकडे दिसते,
कुणाच्या तरी सोयाबीनमध्ये,
जिथे ती कधीच उगवली नाही.
गोळा करणाऱ्याच्या रकान्यात
गुरुनाथ हुडगे असं पूर्ण नाव लिहिलं.
खोडलेला शब्दही तसाच उतरवला, खोडलेला म्हणून.

संध्याकाळी मामांचा पुन्हा फोन:
"झालं का तुमचं? घातली का नकाशात?"
घातली, म्हटलं.
"कुटं?"

मी सांगितलं.
मामा इतके हसले की खोकला लागला.