सात नंबरचा फ्यूज

ओरेस्ट पिधिर्नी आला तेव्हा मी बॉनेटखाली होते, कमरेपर्यंत.
ऑक्टोबर संपत आलेला. सास्काचेवानातला गहू कोठारात गेलेला,
आभाळ उतरून कुंपणाला टेकलेलं.

म्हणाला, थोरा, हे दिवे बंद करून दे.
कुठले?
दिवसाचे. जे मी लावत नाही
आणि मला विझवताही येत नाहीत, ते.

त्र्याऐंशीचा माणूस.
दोन ट्रॅक्टर, एक बायको, डावा गुडघा
असं सगळं मागे ठेवत ठेवत इथवर आलेला.
आता त्याला एक बटण हवं होतं.
दार माझं, शेगडी माझी,
गाडीचे हप्ते मीच फेडले,
मग डोळे तेवढे सरकारचे कसे?

मी हसले. हात पुसायला फडकं शोधलं.
सापडलं, तरी शोधत राहिले.

मग त्यानं खरं सांगितलं.
रोज संध्याकाळी पाणथळावर करकोचे उतरतात.
स्टेफानिया मोजायची ते, वहीत लिहायची.
वही आता त्याच्याकडे आहे.
गुडघ्यासाठी हीटर हवा, हीटरसाठी इंजिन,
आणि इंजिन म्हटलं की हे दोन दिवे, निलाजरे,
सरळ पाण्यावर.
पुढची रांग वळते.
मग मागचं आख्खं आभाळ वळतं.
गेल्या मंगळवारी वहीत शून्य लिहिलं, म्हणाला,
तिच्या अक्षराखाली.

फ्यूज सात नंबरचा.
चिमट्यानं उपटायचा, बोटातून काटा काढतात तसा.
तेवढंच काम.

पण माझा भाऊ आयनार
याच रस्त्यावर गेला, भर दुपारी दोन वाजता,
कापणीच्या धुळीत, राखेच्या रंगाच्या पिकअपमध्ये.
गाडी कायद्याच्या आधीची. पुढे दिवा नाही.
ओव्हरटेक करणारी बाई शाळेत भूगोल शिकवायची.
पोलिसांना म्हणाली, समोर रस्ता होता.
नुसता रस्ता होता.
पुढे अकरा वर्षं
वाटाण्याच्या डब्यांसमोर, पोस्टाच्या रांगेत
मी दिसले की तेच म्हणायची.
मी मान डोलवायची.
काय करणार, रस्ताच होता तो.

हेही सांगते, म्हणजे लबाडी नको:
ड्राइव्ह-इनला सिनेमा बघताना
मीसुद्धा गाडीच्या तोंडावर गोधडी टाकलेली आहे.
मागच्या रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

ओरेस्ट वाट बघत होता, टोपी हातात,
दवाखान्यात बसतात तसा.

म्हटलं, हँडब्रेक ओढत जा.
म्हणजे?
तुझ्या मॉडेलला हँडब्रेक ओढला की विझतात ते.
इंजिन चालू, हीटर चालू, पुढे काळोख.
आणि निघालो की?
लागतील.
तो जरा वेळ जमिनीवरच्या तेलाच्या डागाकडे बघत राहिला.
म्हणजे थांबेन तेवढाच मी माझा.
यावर मी काही बोलले नाही.
असलं उत्तर पान्यानं फिरत नाही.

हे कुठे लिहिलंय?
पुस्तकात. गाडीबरोबर मिळतं ते.
हां, म्हणाला. असली पुस्तकं ती वाचायची.

पैसे घेतले नाहीत. फ्यूज होता तिथेच राहिला.

संध्याकाळी घरी जाताना
मुद्दाम पाणथळाकडून वळले.
तिन्हीसांजेची वेळ, खडीचा रस्ता,
आणि शपथेवर सांगते, शंभर पावलांवर पोचेपर्यंत
त्याची गाडी मला दिसली नाही.
समोर नुसता रस्ता होता.

पोटात खड्डा पडला. ब्रेक दाबला.
कडेला घेतली, त्याच्या मागे थोडी लांब.
काचेवर वाफ. आत त्याची टोपी.
वर करकोचे घसा खरवडत येत होते,
पाय खाली सोडून, एकेक, मग एकदम पुष्कळ.
त्याची बोटं काचेवर ठिपके देत होती.

मीही हँडब्रेक ओढला.
माझे दिवे गेले.
तो आभाळ मोजत बसला,
आणि मी
आरशात मागचा रस्ता बघत.